द्यायची तर अख्ख्या वर्गाला द्या

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
मराठवाड्यातल्या आठही जिल्हा परिषदा

विषय : पहिली ते चौथीच्या लेकरांना पावसाळ्याआधी इन्फ्लुएंझाची लस देण्याबाबत

महोदय, महोदया,

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. दोन खोल्या, वर पत्रा. पाऊस आडवा यायला लागला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि सतरा लेकरं एका सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मागच्याला शिंक आली की ती पुढच्याच्या मानेवर पडते. हे तुम्हाला ठाऊक असेल, तुमच्यातले बरेच जण अशाच शाळेत शिकून वर गेलेत. तरी सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते त्या सतरंजीवरूनच सुरू होतं.

मागच्या ऑगस्टचा हजेरीपट समोर घेऊन बसले आहे. सोमवारी दोन गैरहजर. मंगळवारीही दोनच, पण एक पोरगा खिचडीला उठलाच नाही, ताटली मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसला. कपाळाला हात लावला तर चटका बसला. गुरुवारी पाच गैरहजर. पुढच्या सोमवारी सतरापैकी अकरा. त्याच आठवड्यात सरांच्या वर्गातली नऊ, कारण बहीण इकडं तर भाऊ तिकडं. मग सर स्वतःच आडवे झाले आणि चार दिवस चारही वर्ग मी एका खोलीत घेतले. म्हणजे साथीला जे हवं होतं ते मीच तिच्या ताटात वाढलं.

वर कळवलं. सूचना आली : आजारी विद्यार्थ्यांना शाळेत पाठवू नये, साबणाने वारंवार हात धुवावेत, गर्दी टाळावी. आमच्याकडे हात धुवायला एक नळ आहे आणि त्याची तोटी दोन वर्षांपूर्वीच गेली. गर्दी टाळायची तर सतरंजी दोन मजली करावी लागेल. असो. राग सूचनेचा नाही. तापलेलं पोर घरी ठेवावं हे बरोबरच आहे. अडचण एवढीच, की इन्फ्लुएंझाचं पोर ताप चढण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू पसरवायला लागतं. घरी पाठवेपर्यंत सतरंजीवरचं काम झालेलं असतं.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट. ती साथ इन्फ्लुएंझाचीच होती असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, आणि तुम्हीही नाही. स्वाइन फ्लूसाठी जी अ, ब, क वर्गवारी आरोग्य खातं वापरतं, तिच्यात घशाचा नमुना घ्यायचा तो क वर्गातल्या, म्हणजे धाप लागलेल्या, दवाखान्यात दाखल करायच्या रुग्णाचा. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असलेलं शाळकरी पोर अ वर्गात मोडतं : घरी ठेवा, पॅरासिटामॉल द्या, लक्ष ठेवा. प्रयोगशाळांवरचा भार पाहता हे समजण्यासारखं आहे. पण त्याचा अर्थ असा, की शाळेतली साथ कुठल्याच कागदावर येत नाही. ती फक्त माझ्या हजेरीपटात असते, लाल शाईत. कागदावर येते ती आजी.

आजीचंच सांगते. त्याच्या आधीच्या फेब्रुवारीत माझ्या वर्गातली दुसरीची एक मुलगी पाच दिवस तापानं आली नाही. आई-बाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, कर्नाटकाच्या हद्दीत. मुलीचं नाव हंगामी वसतिगृहाच्या यादीत, म्हणजे जेवण शाळेत आणि झोपायला आजीजवळ, एकाच गोधडीत. आजीला साखरेचा आजार. पोरीचा ताप उतरला आणि तिसऱ्या दिवशी आजीला चढला. आठवड्यानं तिला जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. ती क वर्गात बसली, म्हणून तिचा नमुना घेतला गेला. एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू निघाला. बारा दिवसांनी आजी परतली, देवाची कृपा म्हणायची. पण पोरीचा हजेरीपट बघा : ताप पाच दिवसांचा आणि गैरहजेरी साडेतीन आठवड्यांची. आधी दवाखान्यात आजीच्या उशाशी चुलतीसोबत, मग घरी पाणी भरायला, चूल पेटवायला. वाचनाचा जो धागा जानेवारीत लागला होता तो एप्रिलपर्यंत परत हाती आला नाही.

दसरा-दिवाळीनंतर आमच्या पट्ट्यात गावच्या गावं रिकामी होतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि लेकरं. आपल्या देशात इन्फ्लुएंझाचे दोन हंगाम असतात, एक पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर आणि दुसरा जानेवारी ते मार्च. म्हणजे दुसरा हंगाम नेमका तेव्हा येतो, जेव्हा घरात फक्त तो पसरवणारी आणि त्यात दगावू शकणारी अशी दोनच वयं उरलेली असतात. साखर कारखान्याचं वेळापत्रक आणि विषाणूचं वेळापत्रक असं जुळलेलं दुसरीकडे कुठं असेल तर मला दाखवा.

म्हणून मी लशीबद्दल वाचायला लागले. आमच्या आशाताईंनी आणि ओळखीतल्या एका बालरोगतज्ज्ञांनी मदत केली. जे कळलं त्यात आनंदानं नाचावं असं थोडं आहे आणि विचारात पडावं असं बरंच.

आधी थेट फायदा, म्हणजे ज्याला टोचली त्याला काय मिळतं. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन गटाचा २०१८ चा आढावा आहे. २ ते १६ वर्षांच्या मुलांत, लस न घेतलेल्या शंभरांपैकी सुमारे ३० जणांना हंगामात इन्फ्लुएंझा झाला, तर टोचायची लस घेतलेल्यांत ११ जणांना. पाच पोरांना टोचलं की एक जण इन्फ्लुएंझापासून वाचतो, असा हिशेब निघतो. वाईट नाही. पण त्याच आढाव्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. नुसता ‘फ्लूसारखा आजार’, म्हणजे ताप-खोकला-अंगदुखी, मोजला तर तो २८ वरून २० वर आला, एवढंच. कारण पावसाळ्यात ताप आणणारे विषाणू ढीगभर असतात आणि ही लस त्यातल्या एकाच घराण्याला ओळखते.

म्हणून माझी हात जोडून विनंती : ही लस शाळेत आणाल तेव्हा तिला ‘तापाची लस’ म्हणू नका. फलकावर तसं लिहिलंत की ऑगस्टमध्ये पहिलं पोर तापलं, की त्याची माय मला पारावर अडवून विचारणार, “मॅडम, तुम्हीच म्हणलात ना, मग ताप कसा काय आला?” आणि पुढच्या वर्षी गोवर-रुबेलाला सुद्धा दंड पुढं करणार नाही. मी हे बोलते ते अनुभवानं. एका लशीवरचा विश्वास उडाला की तो एकटा उडत नाही, बाकीच्यांना घेऊन उडतो.

आता साथ. एका पोराला वाचवणं वेगळं आणि वर्गातली साथ मोडणं वेगळं. कागदपत्रांतून मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि हे पत्र लिहिण्याचं कारणही हेच. वर्गातल्या चार-दोघांना टोचलं तर त्या चार-दोघांचा फायदा होतो, सतरंजीला काही कळत नाही. साथ मोडायला पोरांचा मोठा हिस्सा लागतो.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या टेकम्से गावात १९६८ साली, हाँगकाँग फ्लूच्या वेळी, शाळकरी मुलांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना लस दिली होती. शेजारच्या एड्रियन गावात तशी मोहीम नव्हती. टेकम्सेत श्वसनाचे आजार कमी राहिले, आणि नुसते पोरांत नाही, मोठ्यांतही. कॅनडातल्या हटराइट लोकांच्या वस्त्यांमध्ये २००८-०९ च्या हंगामात याहून नीट प्रयोग झाला. शेती करून एकत्र राहणारी, एकत्र जेवणारी ही माणसं, आपल्या वाडीवस्तीसारखीच. ४९ वस्त्या घेतल्या. काहींत ३ ते १५ वर्षांच्या मुलांना इन्फ्लुएंझाची लस दिली, काहींत त्याऐवजी काविळीची. पोरांत लशीचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. मग मोजली ती लस न घेतलेली माणसं. ज्या वस्त्यांत पोरांना इन्फ्लुएंझाची लस मिळाली होती, तिथल्या लस न घेतलेल्यांना सुमारे ६१ टक्के संरक्षण मिळालं. सुई नातवाच्या दंडात आणि फायदा आजीला.

जपानची गोष्ट तर एखाद्या गावानं विहीर खणावी, पाणी लागावं आणि मग ती बुजवून टाकावी अशी आहे. तिथं १९६२ पासून शाळकरी मुलांना लस देत होते, १९७७ पासून सक्तीनं. ‘साथ थांबत तर नाही, दुष्परिणामांच्या तक्रारी येतात’ अशी ओरड झाली. १९८७ मध्ये पालकांना नाही म्हणायची मुभा दिली, १९९४ मध्ये कार्यक्रमच बंद केला. २००१ मध्ये संशोधकांनी मागचे मृत्यू मोजले, तेव्हा निघालं की पोरांच्या त्या लसीकरणामुळे वर्षाला ३७ हजार ते ४९ हजार मृत्यू टळत होते, आणि त्यात मोठा वाटा म्हाताऱ्या माणसांचा. या हिशेबावर वाद झाले आहेत, तेही सांगून ठेवते. पण टोकियोतल्या एका प्राथमिक शाळेनं चोवीस वर्षांच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्या मला आपल्या वाटतात, कारण तो शेवटी हजेरीपटच आहे. साथीमुळे वर्ग बंद ठेवावे लागले ते दिवस : सक्तीच्या लशीच्या काळात वर्षाला सरासरी दीड दिवसाच्याही आत, मुभा मिळाल्यावर आठेक दिवस, आणि लस थांबल्यावर वीसच्या आसपास. एकाच शाळेची नोंद आहे, तिच्यावर इमारत बांधू नये. पण पायऱ्या कोणत्या दिशेला जातात ते दिसतं.

आपल्या देशातलं काय? हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत २००९ पासून तीन वर्षं सहा महिने ते दहा वर्षांच्या मुलांवर अभ्यास झाला. पहिल्या वर्षी लशीनं जेमतेम पाव संरक्षण दिलं, सुमारे २५ टक्के. दुसऱ्या वर्षी ४१. तिसऱ्या वर्षी ७४. पहिल्या वर्षी कमी पडलं, कारण तेव्हा गावोगाव फिरत असलेला नवा स्वाइन फ्लू त्या लशीत नव्हताच. हा आकडा मी मुद्दाम सांगते. ही लस गोवराच्या लशीसारखी लहानपणी दोनदा दिली की झालं काम, अशी नाही. विषाणू रूप पालटतो, म्हणून लस दरवर्षी नवी बनते आणि दरवर्षी द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, पुढच्या लशीत कोणते विषाणू घ्यायचे ते सांगते. कधी अंदाज बरोबर बसतो, कधी चुकतो. हवामान खात्यासारखंच म्हणा, पण म्हणून आपण पेरणी सोडत नाही.

नाकात फवारायची लसही आहे. इंग्लंडमध्ये २०१३ पासून टप्प्याटप्प्यानं शाळांतून तीच देतात, सुई नाही म्हणून पोरं रडत नाहीत. आपल्या पुण्यातच तयार झालेली अशीच एक लस बांगलादेश आणि सेनेगलच्या लहानग्यांवर तपासली. बांगलादेशात ५७ टक्के काम केलं, सेनेगलमध्ये शून्य. लस तीच, कंपनी तीच. म्हणून परदेशातले आकडे उचलून परभणी-हिंगोलीला चिकटवावेत असं मी म्हणणार नाही. इथं करून, इथंच मोजावं लागेल.

आता वेळेचं. शहरातले काही डॉक्टर दिवाळीच्या सुमाराला ही लस देतात, तो उत्तरेकडच्या थंड देशांचा हंगाम. आपल्याकडं मोठी लाट पावसाची. काश्मीर सोडलं तर देशाच्या बहुतेक भागांत पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये लस द्यावी असं तज्ज्ञ सांगतात. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. शिवाय नऊ वर्षांच्या आतल्या पोराला पहिल्या वर्षी दोन डोस लागतात, चार आठवड्यांच्या अंतरानं. चौथीतली मोठी पोरं सोडली तर बाकीची बहुतेक लेकरं यात बसतात.

या दोन डोसांनीच सगळी गंमत होते. शाळा उघडल्यावर, जूनच्या मध्यात सुरू केलं तर दुसरा डोस जुलैच्या मध्याला, संरक्षण ऑगस्टच्या तोंडावर. तोवर माझी सतरंजी खोकायला लागलेली असते. पण वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात, एप्रिलमध्ये पहिला डोस दिलात आणि जूनमध्ये शाळा उघडते त्या प्रवेशोत्सवाच्या दिवशी दुसरा, तर जुलैच्या तोंडावर लेकरं तयार असतील. एप्रिलपर्यंत बहुतेक टोळ्याही परतलेल्या असतात, आई-बापासोबत फडावर गेलेली पोरं गावात असतात आणि संमतीच्या कागदावर अंगठा उठवायला मायबाप घरी असतात. आमच्या पट्ट्यात वर्षातून एवढीच एक खिडकी उघडी असते. पहिल्या वर्षानंतर एकाच डोसावर भागतं.

शाळेत लस देणं आपल्याला नवीन नाही. २७ नोव्हेंबर २०१८ ला गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या शाळेत दोन तासांत सगळ्यांना टोचून सिस्टर पुढच्या वस्तीला गेल्या होत्या. एक पोरगा जांभळीच्या झाडावर चढून बसला होता, त्याला खाली आणण्यात गेला तेवढाच जादा वेळ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी वर्षातून एकदा येतेच. जंतनाशकाची गोळी आम्हीच देतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात २ ते ८ अंशांचा फ्रीज आहे, आणि ही लस त्याच तापमानात राहते. नाही ते फक्त लस.

पैशांचं मला कळतं. बाहेर एक डोस दीड-दोन हजारांच्या घरात जातो. मुकादमाकडून उचल घेऊन जगणारं घर तो विकत घेणार नाही, आणि घेऊही नये असं मी म्हणेन, कारण एकट्या पोरानं घेऊन वर्गाची साथ मोडत नाही हे वर सांगितलंच. सरकारी घाऊक खरेदीत दर खूप खाली येतो. त्यात चार विषाणूंची महाग लस घ्यायचंही कारण उरलेलं नाही. इन्फ्लुएंझाच्या बी विषाणूची यामागाता नावाची शाखा मार्च २०२० नंतर जगात खात्रीनं कुठं सापडलेली नाही, आता तीन विषाणूंची लस पुरे असं जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते. निविदा काढताना हे बघा.

कुणी म्हणेल, मग सरळ म्हाताऱ्यांनाच का देत नाही? द्याच. राज्य शासन गर्भवती बायांना आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत देतं, असं मला सांगण्यात आलं. त्या आजीला पुढच्या वर्षी मी स्वतः घेऊन गेले होते. “शिल्लक नाही, पुढच्या महिन्यात बघा,” असं उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यातही तेच. आणि लस मिळाली तरी म्हाताऱ्या शरीरात ती तरुण शरीराएवढी जोर धरत नाही. दोन्ही बाजूंनी आडकाठी घातली तर विषाणू अडेल. त्यातली एक बाजू माझ्या वर्गात बसते, रोज, साडेदहा वाजता, नाव पुकारलं की “हजर” म्हणते.

मी अख्ख्या मराठवाड्यासाठी मागणी करत नाही. तेवढी लस तुम्ही आणणार नाही आणि आणली तरी प्रत्येक शाळेला दहा-दहा डोस वाटून द्याल, ही मला खरी भीती आहे. समन्याय म्हणून प्रत्येक गटाला थोडं थोडं, फोटो सगळीकडं, आणि साथ कुठंच मोडली नाही. त्यापेक्षा एक तालुका घ्या. शक्यतो ऊसतोडीचा, कुठल्याही जिल्ह्यातला. त्या तालुक्यातल्या पहिली ते चौथीच्या पोरांपैकी किमान ऐंशी टक्क्यांना वयाप्रमाणे लागतील ते सगळे डोस द्या, आणि अंगणवाडीतल्या मोठ्या पोरांनाही, कारण तीही त्याच ओट्यावर खेळतात. शेजारच्या एका तालुक्यात त्या वर्षी काहीतरी दुसरं उपयोगाचं द्या, चांगल्या तोट्या द्या हवं तर. मग दोन्हीकडं जुलै ते मार्च तापाची गैरहजेरी रोज लिहून घ्या, आणि दर आठवड्याला काही तापलेल्या पोरांचे घशाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सल्ल्यानं तपासून घ्या, म्हणजे ताप कुणाचा ते कळेल. नमुन्यांशिवाय नुसती गैरहजेरी मोजलीत तर लस नापास ठरेल, आणि ते खोटं असेल. पोळा आणि महालक्ष्म्यांचे दिवस मात्र हिशेबातून वगळा. तेव्हा माझा वर्ग ठणठणीत असूनही रिकामा असतो.

तीन वर्षं करा, एक वर्ष नको. बल्लभगडला पहिल्याच वर्षी थांबले असते तर २५ टक्क्यांवर फाइल बंद झाली असती.

संमतीबद्दल माझा आग्रह आहे की सक्ती नको. जपानला सक्तीनंच लस नकोशी करून टाकली, असं मला वाचताना वाटलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी स्वतः उभी राहून सांगेन : दंड दुखेल, एखाद्याला दिवसभर कणकण येईल, सगळे ताप थांबणार नाहीत, पण शेजारी बसणाऱ्याला आणि घरातल्या म्हातारीला याचा उपयोग आहे. आमच्या गावातले लोक अडाणी नाहीत. खरं सांगितलं तर ऐकतात, आणि आजीचं नाव काढलं तर आणखी ऐकतात.

यंदाच्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रभातफेरीत, माझ्या वर्गातली सहा पोरं होती. ढोल वाजवणारा घरी तापात होता, म्हणून सरांनीच ढोल गळ्यात अडकवला.

गेल्या सहा वर्षांच्या हजेरीपटांच्या पानांचे फोटो मी काढून ठेवले आहेत. ताप म्हणून कळवलेली गैरहजेरी वेगळ्या रंगात खूण करून. मागवाल त्या दिवशी पाठवते.

आपली,
बीड जिल्ह्यातली एक प्राथमिक शिक्षिका